पहिल्या धारेनं धुतलेला वाल्व

माणसाला कशाचा हेवा वाटेल याचा काही नेम नसतो. खुशालला तो माशाच्या मुंडीचा वाटला.

नवेगाव बांध या तलावाकाठच्या गावी त्याच्या सासुरवाडीत एक जुना रिवाज होता. बांधातला चांगला मोठा रोहू घरात आला, की त्याची मुंडी थोरल्या जावयाच्या ताटात पडायची. सासू पार्वताबाईंना दोन मुली. थोरली अलका खुशालला दिलेली आणि धाकटी दीप्ती संघदीपला. अलकाशी लग्न झालं तेव्हापासून मुंडी खुशालची, यावर कधी कुणी चर्चासुद्धा केली नव्हती. आणि त्या रविवारी, भाद्रपदातल्या कुंद दुपारी, सासूबाईंनी रश्श्याच्या गंजातून मुंडी उचलली, खुशालच्या ताटावरून पुढे नेली आणि संघदीपच्या ताटात ठेवली.

"घ्या, धाकले जवाईबापू," त्या म्हणाल्या. "सकारपासून हात कारे करून राहिले. भूक लागली असन."

खुशाल हसला. हसणं भाग होतं. वाट्याला आलेला शेपटीकडचा तुकडा त्यानं काट्यांसकट चावला आणि घशात अडकलं ते माशामुळेच, असं स्वतःला सांगितलं.

हात काळे झाले होते ते गाडीपायी. दोघा साडूंकडे एकाच बनावटीच्या पांढऱ्या डिझेल गाड्या होत्या, दोन्ही जुन्या. खुशाल गोंदियाला एका सरकारी कार्यालयात बाबू, राहायला कुडव्याला. घराण्यात चारचाकी सगळ्यात आधी त्यानं आणली, आणि त्या जोरावर तो सासुरवाडीत बरीच वर्षं राजासारखा उतरत आला होता. मग मागच्या वर्षी संघदीपनं, अर्जुनीकडच्या एका शाळेतल्या या मास्तरानं, तसलीच गाडी घेतली. तीसुद्धा खुशालच्या गाडीहून जुनी. 'भंगार आणलं लेकानं' असं म्हणून खुशाल तेव्हा खूश झाला होता. पण भंगार पळायला लागलं आणि राजाची गाडी खोकायला लागली, आता काय करता?

त्या दिवशी खुशालची गाडी बांधाचा चढ चढली ती कण्हत कण्हत. मागे असा काळा धूर, की शेजारणीनं वाळत घातलेली चादर धावत येऊन काढली आणि खुशालकडे एक नजर टाकली. अंगणात संघदीप मांडी घालून बसलेला. त्याच्या समोर पेपरावर तळहाताएवढा एक लोखंडी भाग, आणि तो ब्रशनं घासत होता.

"जयभीम दादा," तो म्हणाला. "तुमचाबी ईजीआर चोक झाला वाटते. माहा असाच झाला होता, पाहा ना."

ईजीआर म्हणजे काय, ते त्यानं विचारल्यावाचून सांगितलं, मास्तरच तो. इंजिनातून निघालेला थोडा धूर पुन्हा इंजिनातच जाळायला पाठवतो, तो हा वाल्व. जुन्या डिझेल गाडीत त्यात काजळी बसत जाते, मग तो नीट मिटत नाही, गाडीचा दम जातो आणि मागून धूर सुटतो. काढायचा, स्प्रे मारून घासायचा, परत बसवायचा. मेकॅनिक कशाला लागतो?

"पुढच्या रविवारी आना इकडं. दोघं मिरून करून टाकू."

आता यात वाईट वाटण्यासारखं काय होतं? काहीच नाही. पण खुशालच्या कानात शिरलं ते एवढंच, की धाकटा थोरल्याला शिकवतो आहे, आणि तेही सासूच्या अंगणात, सासूच्या देखत. खुशाल एरवी वाईट माणूस नव्हता. ऑफिसात कुणाची फाईल अडवायचा नाही, शेजाऱ्यांच्या दुखण्याखुपण्याला धावून जायचा. पण संघदीपचं नाव निघालं की त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आणि निघताना पार्वताबाईंनी उरलंसुरलं केलं. धुराकडे पाहत त्या सहज म्हणाल्या, "दसऱ्याले नागपूरले कोनाच्या गाडीत जायचं ते यंदा पाहू बापा."

दरवर्षी दसऱ्याला पार्वताबाई दीक्षाभूमीला जात. छप्पन साली बापाच्या खांद्यावर बसून गेल्या होत्या, तेव्हापासून न चुकता. आधी ट्रकनं, मग एस.टी.नं, आणि खुशालची गाडी आल्यापासून खुशालच्या शेजारच्या सीटवर, पांढऱ्याशुभ्र लुगड्यात. त्या दिवशी आईला नेणं हा मान होता. मुंडी गेली तर गेली, मासा काय, बांधात पुष्कळ आहेत. पण ती सीट खुशाल सोडणार नव्हता.

घरी परतताना खुशालनं गोरेगाव मागे टाकलं. मग म्हणाला, "मास्तर मोठा इंजिनेर झाला."

"त्यायनं चांगलंच सांगतलं ना," अलका म्हणाली. "जा न रविवारी."

"मी कायले जाऊ? मले हात नाई काय?"

हात होते. म्हणून तो गोंदियाला स्पेअर पार्टच्या दुकानात गेला आणि काजळी काढायचा स्प्रे मागितला. दुकानदारानं डबा काउंटरवर ठेवला आणि तोंड उघडून सगळं बिघडवलं.

"यही ले जाओ भैया. पिछले महीने अर्जुनी वाले मास्टरजी भी यही ले गए. आपके साढू हैं ना? बहुत होशियार आदमी."

खुशालनं डबा मागे सरकवला. त्यात जणू पाल निघाली होती.

"और किससे साफ होता है?"

"स्पिरिट में डुबा दो, उससे भी निकल जाता है," दुकानदार म्हणाला, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

औषधाच्या दुकानात स्पिरिटची बाटली मिळाली ती अंगठ्याएवढी. त्यात वाल्व बुडवायचा तर वाल्वचे तुकडे करावे लागले असते. खुशाल ऑफिसात हे बोलला, आणि दरेकशाच्या सुकरामनं ते ऐकलं. सुकराम तिथं शिपाई होता. त्याच्या गावी देवाच्या कामाला मोहाची दारू काढत, घरच्या घरी.

"साहेब, पहिल्या धारेची स्पिरिटच्या वर राहते. काडी दाखवा त भक्कन पेटते."

"आनशील का?"

सुकरामनं भुवया उंचावल्या. "तुमी त पेत नाई."

"पेवाले नाई रे. गाडीले पायजे."

"गाडीले!" सुकराम म्हणाला. "आमी ते पह्यलं देवाले दाखवतो साहेब." त्याला ते रुचलं नाही, हे उघड दिसत होतं. तरी सोमवारी त्यानं पिशवीत गुंडाळून बाटली आणली, आणि देताना खुशालच्या डोळ्यांत मात्र पाहिलं नाही.

इथं एक गोष्ट समजून घ्यायला हवी. खुशालच्या आजानं बावीस प्रतिज्ञा घेतल्या तेव्हा दारू घरातून गेली ती कायमची. बापानं घेतली नाही, खुशालनं घेतली नाही, लग्नाच्या वरातीतसुद्धा नाही. घेणाऱ्या माणसानं ही चूक कधी केली नसती. मोहाचा वास कपड्याला लागला तर तो किती चिवटपणे बसतो, धुतला तरी कसा उन्हात पुन्हा जागा होतो, हे घेणारा जन्मभर जाणून असतो. खुशालला वाटलं, उडून जाईल, स्पिरिटसारखी.

ऑफिसच्या कामात दिवस गेले आणि उरला फक्त दसऱ्याचा आदला दिवस. खंडेनवमी असल्यानं गोंदियातली सगळी गॅरेजं पान्यांना हळदकुंकू लावून बंद. म्हणजे बिघडलं तर वाचवायलाही कुणी नव्हतं. खुशालनं सकाळीच बॉनेट उघडलं.

बोल्ट काढायलाच तासाभराच्या वर गेला. एक तर इतका जाम, की खुशालनं त्याला संघदीपचं नाव दिलं आणि मग तो सुटला. वाल्व हातात आला तेव्हा आतलं पाहून तो चरकला. भोक असं दिसतच नव्हतं. डांबरासारखी काजळी, वर कोरडी आणि खाली चिकट, काठोकाठ. एवढ्या कोंडलेल्या गळ्यानं गाडी त्याला रोज ऑफिसात नेत होती, याचं त्याला वाईटही वाटलं.

त्यानं अलकाचा जुना पिठाचा डबा घेतला, वाल्व ठेवला आणि वरून बाटली ओतली. नाकाला झिणझिण्या आल्या. फुगलेली काजळी बांबूच्या काडीनं खरवडायची, जुन्या दातांच्या ब्रशनं घासायची, परत बुडवायची. दुपारपर्यंत डब्यात काळं पाणी झालं आणि वाल्वचं खरं अंग दिसायला लागलं, राखी, चकचकीत. त्याची पट्टी बोटानं दाबली की टक्क करून उघडायची, टक्क करून मिटायची. खुशालनं ती कितीदा तरी दाबून पाहिली. मनात संघदीप समोर बसलेला होता आणि बघत होता.

वाल्व बसवल्यावर बाटलीत थोडी उरली होती. ती त्यानं भोवतालच्या पाइपांवर ओतली, म्हणजे तेही स्वच्छ. ती पाइपांवरून ओघळून केबिनच्या भिंतीला उष्णता अडवायला लावलेल्या जाड नमद्यात, त्या लोकरी थरात, जिरली. खुशालनं ते पाहिलं, आणि पुसलं नाही.

"अजी, कायचा वास येऊन राहिला?" अलका दारातून म्हणाली.

"स्पिरिटचा."

गाडी सुरू झाली. आधी एक पांढरा ढग निघाला, शेजारचं कुत्रं पळालं, आणि मग आवाज असा गुळगुळीत झाला की खुशाल सीटवर बसून एकटाच हसला. काचा खाली करून त्यानं कुडव्याभोवती मोठी चक्कर मारली. पाय दाबला की गाडी धावायची. मागे आरशात रस्ता स्वच्छ. आता कोण म्हणतो मेकॅनिक? आता कोण म्हणतो मास्तर?

दसऱ्याला भल्या सकाळी तो अलकाला घेऊन नवेगाव बांधला पोचला. संघदीपची गाडी दाराशी उभी होतीच, दीप्ती आणि शेजारच्या दोन बायका त्यात बसायच्या होत्या. पार्वताबाई पांढऱ्या लुगड्यात ओट्यावर. खुशालनं गाडी चालूच ठेवली, खिशातून इस्त्रीचा पांढरा रुमाल काढला आणि सर्वांच्या देखत सायलेंसरच्या तोंडाशी धरला. मग वर करून दाखवला. जवळजवळ पांढराच.

"घरीच केलं," तो म्हणाला. "कोनाले इचारलं नाई."

"वा दादा!" संघदीप म्हणाला, आणि मनापासून म्हणाला. "एक नंबर. माह्या वाल्वपेक्षा चांगला निंगाला." त्याला जराही लागलं नव्हतं. खुशालला हेच सहन झालं नाही. ज्याला जळवायचं तो जळतच नसेल तर एवढा खटाटोप कशासाठी?

पण पार्वताबाई उठल्या, पिशवी सावरली, आणि खुशालच्या शेजारी येऊन बसल्या. खुशालला स्वर्ग दोन बोटं उरला. अलका मागे बसली. संघदीपची गाडी मागून निघाली.

आणि खुशाल बोलायला लागला. जिंकलेल्या माणसाला गप्प बसवत नाही. संघदीपची गाडी वरून चांगली दिसते पण आतून खिळखिळी आहे. मास्तरांना सुट्ट्या फार, काम काय असतं? दीप्तीला तो कुठं फिरायला नेतो का? गेल्या वर्षी लग्नात त्यानं आहेर काय केला होता, आठवतं ना?

"इथंच," पार्वताबाई मधे म्हणाल्या, बाहेर पाहत, "इथंच माह्या बापानं बैलगाडी..."

"बैलगाडीच आहे ते त्याची," खुशाल म्हणाला आणि मोठ्यानं हसला.

त्यांनी मान पुन्हा बाहेर वळवली. रस्त्याचं काम चाललं होतं, धुरळा येत होता, म्हणून खुशालनं काचा वर केल्या आणि पंखा लावला. इंजिन आता चांगलं तापलं होतं. नमदाही तापला असणार. आधी गोडसर, मग आंबूस, मग भट्टीवर वाकून पाहावं तसा दाट मोहाचा वास पंख्याच्या जाळीतून गाडीभर भरला. पार्वताबाईंनी नाकाला पदर लावला. मागे अलकानं "अगं माय" म्हणून श्वास धरला. खुशालच्या पाठीवर घाम फुटला, तरी त्याचं तोंड चालूच राहिलं. उलट जास्तच, कारण गप्प बसलं तर वास ऐकू येईल अशी त्याला भीती होती. त्यानं संघदीपची बदली कशी होणार ते सांगितलं.

पार्वताबाईंनी पुन्हा काही सांगायला तोंड उघडलं. खुशाल त्यावरून बोलत राहिला.

कोहमाऱ्याचा चौक आला तेव्हा त्या म्हणाल्या, "गाडी थांबवा."

खुशालच्या तोंडचं पाणी पळालं. दीक्षाभूमीच्या वाटेवर, सासू शेजारी, आणि गाडीत दारूचा वास. यापुढे आयुष्यात मान वर करायची सोय नव्हती. तो उतरला, धावत तिकडच्या बाजूला गेला, बॉनेट उघडलं, नमदा दाखवला. सुकराम, बाटली, स्पिरिट, दुकानदार, सगळं एका दमात ओकला. "आई, मी एक थेंब घेतला नाई. अलकाची शपथ. तोंडाचा वास घेऊन पाहा."

मागून संघदीपची गाडी येऊन थांबली. तो उतरून आला, वास आला तसा काय झालं ते त्याला कळलं, आणि तो दोन पावलं मागे सरला. हसलासुद्धा नाही.

पार्वताबाई हळूच खाली उतरल्या. लुगडं झटकलं.

"घेतली नाई, ते मले समजते जवाईबापू. घेनाऱ्याचा चेहरा मी लहानपनी घरातच पाह्यला. माह्या बापानं नागपुरात शपथ घेतली अन् सोडली. वासाचं काय, काच खाली केली का निंगून जाते."

"मंग उतरल्या कायले?"

त्यांनी पदर डोक्यावर नीट घेतला. समोरून एक ट्रक निळे झेंडे लावून घोषणा देत गेला, तो जाऊ दिला.

"नवेगाव सुटलं तवापासून तुमी संघदीपशिवाय दुसऱ्या कोनाचं नाव घेतलं नाई. मी माह्या बापाचं सांगाले दोनदा तोंड उघडलं, दोनी वेरा तुमी वरून बोलले. वर्षातून एक दिवस मी त्याच्यावर बोलतो बापा. याच रस्त्यानं बोलतो."

"आई..."

"आंधी तुमी इचारत होते, मंग काय झालं आई, मंग काय झालं. मनून मी तुमच्या गाडीत बसत होती. धूर त तुमची गाडी मांगच्या सालीबी सोडत होती." आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "आज मले त्यायच्या गाडीत बसू द्या."

शेजारच्या दोन बायका खुशालच्या गाडीत आल्या आणि पदरानं नाक दाबून मागे बसल्या. अलका पुढे आली. पार्वताबाई संघदीपच्या शेजारी बसल्या, त्यानं दार हळूच लावलं, आणि ती गाडी आता पुढे निघाली.

खुशाल मागून चालवत राहिला. काचा सगळ्या खाली होत्या. वास तासाभरात खरंच विरला. गाडी अशी सुरेख चालत होती की इतक्या वर्षांत कधी चालली नव्हती, आणि त्याला ते नको झालं होतं. पुढच्या गाडीच्या मागच्या काचेतून पार्वताबाईंचं पांढरं डोकं दिसत होतं, आणि मधेच वर येणारा एक हात. तो हात पाहून कुठवर आलं ते त्याला कळायचं. कोहमाऱ्याच्या आधीच बैलगाडी परत पाठवली होती. साकोलीला कुण्या म्हाताऱ्यानं भाकर दिली आणि पाणीही दिलं, वरून ओंजळीत नाही, आपल्या लोट्यातून. लाखनीच्या अलीकडे बापाच्या वहाणेचा अंगठा तुटला, त्यानं दोन्ही वहाणा झाडाला टांगल्या आणि तो तसाच अनवाणी निघाला, मुलगी खांद्यावर. पुढे वैनगंगेच्या काठी मुक्काम. त्याला सगळं पाठ होतं. तो ते शब्दाला शब्द सांगू शकला असता, पण त्याला 'सांग' म्हणणारं तिथं कुणी नव्हतं.

लाखनी जवळ आली तसा तो हात उठला, वहाणा टांगायला. आणि मधेच थांबला. संघदीपनं मान वळवून काहीतरी विचारलं होतं. पार्वताबाईंचं डोकं त्याच्याकडे वळलं. मग हात खाली आला, आणि त्या बोलायला लागल्या. लाखनी मागे पडली, हात पुन्हा वर आलाच नाही, त्या बोलतच राहिल्या. खुशालला माहीत असलेल्या गोष्टीत इथं एवढं बोलण्यासारखं काही नव्हतं.

"अजी," अलका म्हणाली, "त्यायनं आईले काय इचारलं असन?"

खुशालची नजर पुढच्या गाडीच्या काचेवरच होती. इतक्या वर्षांत त्यानं 'मग काय झालं' यापलीकडे काहीच विचारलं नव्हतं, आणि तेच पुष्कळ आहे असं तो समजत आला होता. संघदीपचा त्याला याआधी हजारदा हेवा वाटला होता. आज पहिल्यांदा त्याला नावं ठेवायला एक शब्द सुचला नाही.